निक्षेप आणि उपनिधि : मराठी ख्रिस्ती साधनांतील इच्छासमर्पण

धाराशिव जिल्ह्यात तेरणेच्या काठी तेर हे गाव आहे. प्राचीन तगर ते हेच, हे या पानांच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. तेथील त्रिविक्रमाचे देऊळ विटांचे असून त्याची पाठ गजपृष्ठाकार आहे. हेन्री कझिन्स यांनी ते मूळचे बौद्ध चैत्यगृह मानिले. पुढे त्याच भिंतींत विष्णूची स्थापना झाली व आज कित्येक शतके तेथे तोच पूजिला जातो. आत उभा असलेला देवही अर्थपूर्ण आहे. बळीकडे तीन पावले भूमि मागून तिसरे पाऊल ज्याने त्याच्या मस्तकी ठेविले तो हा देव. आणि नवविधा भक्तीतील शेवटच्या, म्हणजे आत्मनिवेदनाच्या, भक्तीचा दाखला देताना आपल्या परंपरेने याच बळीचे नाव घेतले आहे. देवळापासून थोड्याच अंतरावर गोरोबाकाकांची समाधि आहे. सर्वस्व देवास देऊन टाकणे म्हणजे काय, या प्रश्नाची दोन उत्तरे एकाच गावात अशी शेजारी उभी आहेत.

तथापि प्रस्तुत विषय आम्हांस सुचला तो देवळात नव्हे. जिल्ह्यातील जुनी बाडे धुंडीत फिरत असता एका ख्रिस्ती कुटुंबाकडे त्यांच्या पणजीची एक हस्तलिखित वही पाहावयास मिळाली. वहीत बहुतेक भजने उतरून घेतलेली आहेत. परंतु मधून मधून त्या बाईने स्वतःच्या गद्य प्रार्थनाही लिहिल्या आहेत. प्रत्येक प्रार्थनेत आधी मागणे आहे. पाऊस पडावा, मुलास चाकरी लागावी, सुनेची सुटका सुखरूप व्हावी, अशी साधीच मागणी, परंतु नावनिशीवार. त्यानंतर शेवटी, माझे न होता तुझे होवो, या अर्थाचे एक वाक्य. आमचे लक्ष वेधिले ते एका गोष्टीने: शेवटच्या वाक्याने वरचे मागणे खोडले गेलेले नाही. बाईने आपली इच्छा आधी लिहून ठेविली आणि मगच सोडली. ही रीत तिच्या एकटीची, की तिला मागे काही वंशावळ आहे, याचा शोध घेण्याचा यत्न पुढील टिपणांत केला आहे.

समर्पण हा शब्द आज इतका गुळगुळीत झाला आहे की त्याने काहीच बोध होत नाही. त्यापेक्षा शरणागतीच्या शास्त्रातील एक जुना शब्द अधिक कामाचा आहे. शरणागतीची जी सहा अंगे सांगितली आहेत त्यांत आत्मनिक्षेप हे एक अंग होय. निक्षेप हा शब्द मूळचा व्यवहारातला, ठेवीचा. आमच्या जिल्ह्याच्या पूर्व सीमेपलीकडे अगदी जवळ असलेल्या कल्याणीस, सहाव्या विक्रमादित्याच्या राज्यात (१०७६–११२६), विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली. तीत ठेवीचे प्रकार सांगताना निक्षेप आणि उपनिधि यांत भेद केला आहे. जी वस्तु न मोजता, न दाखविता, मुद्रा करून बंद ठेविली जाते ती उपनिधि. जी समक्ष मोजून, दाखवून सोपविली जाते तो निक्षेप. ठेवणारा दोन्हींत विश्वासच टाकतो. परंतु दुसऱ्या प्रकारात काय दिले, किती दिले, हे देणारा व घेणारा दोघेही जाणतात. भक्तीच्या व्यवहारास हा भेद लावून पाहिला असता पुष्कळ उलगडा होतो असे आमचे मत आहे.

गोरोबांची कथा सर्वश्रुत आहे. महिपतीने ती १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या भक्तविजयात विस्ताराने सांगितली आहे. पत्नी मूल नवऱ्याजवळ सोडून पाण्यास गेली. गोरोबा विठ्ठलाच्या नामात रंगून चिखल तुडवीत होते. रांगत आलेले मूल पायांखाली चिखलात गेले तरी त्यांस भान नव्हते. येथे इच्छा सोडली असे म्हणता येत नाही, कारण इच्छेचे स्मरणच उरले नव्हते. मूल जगावे ही बापाची इच्छा होतीच. पण ती मोजून देवापुढे ठेविलेली नाही, बंद पेटीतल्या जिनसाप्रमाणे देहभानाबरोबर ती परस्पर गेली. हा उपनिधि होय. आणि त्याची किंमत ज्या बाईने भरली ती पाण्याची घागर घेऊन दारात उभी होती. कथाकारांस हे जाणवले नसेल असे नाही. म्हणूनच कथेच्या शेवटी पंढरपुरास नामदेवांच्या कीर्तनात गोरोबांचे तुटलेले हात परत येतात व मूलही रांगत आईकडे येते. आईचे खाते बेबाक केल्यावाचून कथा संपवावी, हे लोकांच्या मनास पटले नाही.

या कथेचे इंग्रजी भाषांतर पंडित न. र. गोडबोले यांच्या साह्याने जस्टिन ई. अॅबट या अमेरिकन मराठी मिशनच्या विद्वानाने केले व ते १९३३–३४ मध्ये पुण्यास छापले गेले. त्यापूर्वीच, १९३२ साली, अॅबट निवर्तले होते. मराठी संतांची चरित्रे इंग्रजीत आणण्यात या गृहस्थाने उतारवय वेचिले. याच अॅबट यांनी १९२३ मध्ये लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेच्या पत्रिकेत एक लेख लिहून विद्वानांस कळविले की, विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहात फादर थॉमस स्टीफन्स यांच्या क्रिस्तपुराणाची देवनागरी प्रत आहे. आणि नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्ती होण्याचा निश्चय केला तेव्हा ज्यांच्याशी संधान बांधिले तेही अॅबटच. गोरोबा, स्टीफन्स व टिळक ही आमच्या विषयाची तिन्ही टोके एका माणसाच्या मेजावर अशी एकत्र आली होती, हा योगायोग खराच. आमचा मार्ग मात्र त्याने सोपा केला.

स्टीफन्स हा इंग्लंडातील विल्टशायर प्रांतीचा. १५७५ मध्ये रोम येथे तो जेझुइट संघात शिरला. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघून २४ ऑक्टोबर रोजी गोव्यास पोहोचला आणि १६१९ मध्ये मरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे, बहुतांशी साष्टी प्रांतातच राहिला. त्याचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. पहिल्या पुराणाचे ३६ व दुसऱ्याचे ५९ अवस्वरू असून एकूण ओव्या अकरा हजारांच्या घरात आहेत. १६४९ व १६५४ मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही छापांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांमुळे. गोवा सोडून कानडा प्रांतात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या नकला पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेविल्या व त्यांवरून सलदाणा यांनी १९०७ मध्ये मंगळुरास रोमन लिपीतील आवृत्ति काढिली. १६८४ च्या राजाज्ञेने देशी भाषा बंद पाडण्याचा हुकूम सुटल्यानंतरही हे बाड घरोघर टिकले, हे हस्तलिखितांचा नाद असलेल्या आम्हां लोकांस विशेष आनंद देणारे आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. ख्रिस्ताने आपली इच्छा पित्यास अर्पिली तो प्रसंग म्हणजे अटक होण्यापूर्वीची बागेतील रात्र. शुभवर्तमानातील ही हकीकत नीट वाचली पाहिजे. जवळचे तिघे शिष्य निजले आहेत. येशू भयाने व्याकुळ आहे. आणि तो प्रथम स्पष्ट मागणे मागतो, की हा दुःखाचा प्याला माझ्यापासून टळावा. त्यानंतर म्हणतो की, तरी माझी इच्छा नव्हे, तुझी. हे तो एकदा म्हणून थांबत नाही. पुन्हा पुन्हा जाऊन तेच मागतो व पुन्हा पुन्हा तेच सोडतो. प्याला टळत नाही. येथे विस्मरण नाही, समाधि नाही, मृत्यूविषयी उदासीनताही नाही. जगावेसे वाटणे हे मोजून, दाखवून, बापाच्या हाती दिले आहे. आमच्या परिभाषेत हा शुद्ध निक्षेप. त्रिविक्रमाच्या बळीशी याचे नाते गोरोबांपेक्षा अधिक जवळचे आहे, कारण शुक्राचार्यांनी सावध केल्यावर, काय जाणार हे ठाऊक असताना, बळीने उदक सोडले होते. म्हणून हा भेद हिंदु व ख्रिस्ती असा पाडू नये. तो भक्तीच्या दोन रीतींतला आहे आणि दोन्ही रीति तेर गावात नांदत आहेत.

शब्दाविषयी एक किरकोळ गोष्ट येथेच नमूद करितो. प्रभूच्या प्रार्थनेत ईश्वराच्या इच्छेचा जो उल्लेख येतो तेथे मराठी प्रॉटेस्टंट लोक इच्छा हाच शब्द वापरितात. कोंकणी कॅथॉलिक मात्र खुशी म्हणतात. दख्खनच्या सुलतानी अमलात रुळलेला हा फारसी शब्द गोव्याच्या प्रार्थनेत जाऊन बसला आणि त्याने एक छटा जास्तीची आणिली: देवाचा हुकूम तोच देवाचा आनंद. संस्कृताच्या अभिमानाने आम्ही पूर्वी या शब्दास नाके मुरडीत असू. आता तसे वाटत नाही.

बागेची कथा स्टीफन्सने सांगितली. पण तीच रीत त्याच्या स्वतःच्या आयुष्यातही सापडते, आणि त्यास लेखी पुरावा आहे. ५ डिसेंबर १६०८ रोजी त्याने संघाचे रोम येथील मुख्य क्लॉडिओ अक्वाविवा यांस पत्र लिहिले. अ. का. प्रियोळकर यांनी हिंदुस्थानातील मुद्रणाच्या इतिहासावरील आपल्या १९५८ च्या ग्रंथात ते प्रकाशात आणिले आहे. पत्राचा आशय असा: या देशाच्या भाषेत व याच देशाच्या लिपीत काही पुस्तके छापलेली पाहावी अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे, मलबारात तसे झाले व त्याचा मोठा लाभ झाला. (कोल्लम येथे तमिळ अक्षरांत १५७८ मध्येच पुस्तक निघाले होते.) अडचणी दोन. येथील अक्षरे वर्णांची नसून जोडाक्षरांसह सहाशेच्या घरात जातात, तेव्हा इतके साचे पाडणे अशक्य वाटते. आणि वरिष्ठांच्या आज्ञेवाचून असे काम हाती घेता येत नाही. साच्यांची संख्या कमी करण्याचा मार्गही त्याने सुचविला होता.

जेझुइटाने आज्ञापालनाचे व्रत घेतलेले असते. वरिष्ठाची आज्ञा ही ईश्वराची इच्छा असे तो मानितो. ती आज्ञा झाली नाही, साचे पडले नाहीत, आणि आठ वर्षांनी ग्रंथ छापला गेला तो रोमन अक्षरांत. ज्याने मराठीची थोरवी गाताना हात आखडता घेतला नाही त्याचा ग्रंथ मराठीच्या अक्षरांवाचून बाहेर पडला. संघाविरुद्ध तक्रार करून तो बाजूस झाला नाही, की ग्रंथ अडवून बसला नाही. परंतु त्याने इच्छा लपविलीही नाही. ती लिहिली, सकारण लिहिली, आणि मग सोडून दिली. त्या पत्राचा कागद टिकला म्हणूनच आपणांस कळते की त्या माणसाने काय सोडले.

मार्सडेन प्रतीविषयी आमचे मत येथे सांगणे अवश्य आहे. ती देवनागरी प्रत म्हणजे ग्रंथाचे मूळ रूप, असे अॅबट यांस वाटले. आम्हांस इतके ठामपणे म्हणवत नाही. १६०८ च्या पत्रावरून देवनागरीत छापणे घडले नाही एवढेच सिद्ध होते. ग्रंथकाराने स्वतः कोणत्या लिपीत लिहिले हे सिद्ध होत नाही. रोमनवरून कोणी जाणकाराने मागाहून देवनागरीत उतरविलेलीही ती प्रत असू शकेल. मूळ असो वा नक्कल, कोणा अनाम लेखकाने स्टीफन्सची सोडलेली इच्छा बोरूने पुरी केली, एवढे खरे. छापील देवनागरी आवृत्ति निघण्यास १९५६ साल उजाडावे लागले. ती शांताराम बंडेलू यांनी पुण्यास काढिली.

येथवर लिहून थांबलो तर चित्र एकांगी होईल. स्टीफन्स ज्या साष्टीत राहिला तेथील देवळे पोर्तुगीज सत्तेने त्याच्या आगमनापूर्वीच पाडून टाकिली होती. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट मारले गेले. त्यांत उपरोक्त क्लॉडिओ अक्वाविवा यांचा पुतण्या रुडोल्फ होता. पुढे बोलणे करण्याच्या मिषाने बोलाविलेल्या गावप्रमुखांस असोळणे येथील किल्ल्यात ठार करण्यात आले. त्या वेळी स्टीफन्स साष्टीतच होता. ईश्वराच्या इच्छेपुढे मान लववा, असे ज्यांस तोफांच्या छायेत सांगितले गेले त्यांनी काय सोडले याची मोजदाद कोणी केली नाही. दुसऱ्याची इच्छा हिरावून घेऊन ती देवापुढे ठेविणे यास निक्षेप म्हणत नाहीत. व्यवहारशास्त्रात त्यास वेगळे नाव आहे. स्टीफन्सच्या पक्षी एक गोष्ट मात्र नोंदविली पाहिजे. ग्रंथारंभी त्याने एका ब्राह्मण ख्रिस्त्याच्या तोंडून प्रश्न विचारविला आहे: आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग तशीच दुसरी आम्हांस का देत नाही? गमावलेल्यांची मागणी त्याने दाबून टाकिली नाही, ग्रंथाच्या दारात उभी केली. त्या काळच्या दप्तरांत इतकेही क्वचित आढळते.

टिळकांचे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे आणि अधिक अवघडही. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस ख्रिस्ती झाले. पुढे अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, आणि राहुरी येथे मिशनच्या चाकरीत राहून त्यांनी अभंग, पदे व कविता लिहिल्या, ज्ञानोदयाचे काम पाहिले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत, आणि ते अक्षरशः खरे होते. त्यांच्या ख्रिस्ती अभंगांची घडण वारकरी वळणाची आहे. तेरच्या देवळाप्रमाणे भिंती जुन्या, देव नवा. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडिली, संन्यास घेतला व साताऱ्यास देवाचा दरबार स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांसही त्या दरबारात जागा होती. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, ते मुंबईस वारले. आरंभिलेले ख्रिस्तायन हे महाकाव्य अपुरे राहिले.

एवढेच वाचले तर टिळकांचे जीवन म्हणजे ईश्वरेच्छेस वाहिलेल्या पुरुषाचे आदर्श चरित्र ठरते. परंतु सुदैवाने त्या घरात दुसरे दप्तर ठेविले जात होते. लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांनी स्मृतिचित्रे या नावाने आपल्या आठवणी लिहिल्या. त्या १९३४ ते १९३६ च्या दरम्यान भागशः प्रसिद्ध झाल्या. पतीने घरी न विचारता धर्म बदलला. हिला लहान मुलास घेऊन काही वर्षे वेगळे राहावे लागले. त्यांतील काही काळ ती पंढरपुरास होती. पुन्हा एकत्र आल्यावरही तिने आरंभी आपले सोवळे सोडले नाही. जात माणसाने केली की देवाने, याचा विचार तिचा तिने केला, तो पटल्यावर कोणाच्याही हातचे पाणी घेतले, आणि १९०० च्या सुमारास स्वतः ख्रिस्ती झाली. मध्यंतरी घरखर्चाचे पैसे वाटेतच कोणा गरजूच्या हाती देऊन पती रिकाम्या हाताने घरी येत. टिळकांची निरिच्छता खरी होती याविषयी आम्हांस शंका नाही. पण चूल दुसऱ्या कोणाची तरी होती.

येथे तेरची घागर आठवते. गोरोबांची पत्नी व लक्ष्मीबाई यांत एक मोठा फरक आहे: पहिलीने काय गमाविले ते महिपतीने सांगितले, दुसरीने ते स्वतः सांगितले. आणि ते रडून सांगितले नाही. राग, भांडण, फजिती, हसू सारे जसेच्या तसे मांडून तिने आपल्या इच्छांची यादी वाचकापुढे ठेविली आहे. आणि अखेर जे सोडले ते कोणी ओढून नेले म्हणून नव्हे, तर स्वतः ओळखून सोडले. मराठीत ख्रिस्ती समर्पणाचे शास्त्र शोधावयाचे तर टिळकांच्या अभंगांपेक्षा आम्ही आधी स्मृतिचित्रे हाती घेऊ. यावर काव्यरसिक रुष्ट होतील, त्यास आमचा इलाज नाही. पतीच्या मृत्यूनंतर ख्रिस्तायनाचे उरलेले, म्हणजे बहुतांश, अध्याय या बाईने रचिले. शाळेत न गेलेल्या बाईने महाकवीचा संकल्प तडीस नेला. संपूर्ण ग्रंथ मात्र तिच्याही पश्चात छापला गेला.

पंडिता रमाबाईंचा (१८५८–१९२२) विषय स्वतंत्र लेखाचा आहे. येथे एकच गोष्ट. केडगावच्या मुक्तिसदनाचा भार आपल्यामागे मुलीने, मनोरमेने, उचलावा म्हणून त्यांनी तिला तयार केले होते. त्या काळी धाराशिव ज्या गुलबर्गा सुभ्यात मोडे त्याच गुलबर्ग्यास मनोरमाबाईंनी शाळाही चालविली. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. आई उरली व हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून चाललेले बायबलाचे भाषांतर तपाशीत बसली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्याही गेल्या. भाषांतर केडगावच्याच छापखान्यात तेथील स्त्रियांनी खिळे जुळवून छापले व ते १९२४ मध्ये बाहेर आले.

राहता राहिली ती आम्ही पाहिलेली वही. आकार सुमारे आठ बोटे बाय सहा, कागद आखीव व पिवळा पडलेला, पाने ९४, पैकी शेवटची सात कोरी. शाई निळी, क्वचित पेन्सिल. बांधणी घरगुती, सुतळीची. प्रार्थना एकंदर एकतीस. त्यांपैकी चारांच्या बाजूस मागाहून तारीख घातलेली आहे, मागणे पुरे झाले त्या दिवसाची असावी. सत्तावीस तशाच आहेत. मुलाच्या चाकरीचे मागणे तीन वेळा आले असून तिन्ही ठिकाणी समासात काही नाही. वही संग्रहासाठी मिळावी अशी विनंती आम्ही केली व ती दोनदा केली. घरच्या मंडळींनी नम्रपणे नाकारिली. दर रविवारी तीतील भजने अजून म्हटली जातात. नक्कल करण्यास मात्र त्यांनी परवानगी दिली. चौदा पाने उतरून झाली आहेत.